मसाई मारातला लॉज: तंबू बरा, डबा नापास, ड्रायव्हरला पैकीच्या पैकी

दिवाळीच्या सुट्टीत केनियाला जाऊन आलो त्याला आता तीन आठवडे झाले, आणि आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात जो भेटतो तो एकच विचारतो, वाघ बघितला काय? आफ्रिकेत वाघ नाही हो. सिंह आहे, चित्ता आहे, बिबट्या आहे. आता आमच्याकडे बिबट्यालासुद्धा वाघच म्हणतात, त्या हिशोबाने बघितला. म्हणजे त्याचं शेपूट बघितलं. त्याची गोष्ट पुढे येते.

आम्ही चौघं, मी, नवरा, पाचवीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाई वय वर्षे 66, माहेर सत्तरी तालुक्यात, गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना न्यायचं की नाही यावर घरात महिनाभर चर्चा. शेवटी त्याच म्हणाल्या, गाडीतच बसायचं आहे ना दिवसभर, मग गुडघ्यांचं काय काम. मुद्दा बरोबर होता. सफारीत तुम्ही गाडीतून उतरतच नाही, ड्रायव्हर सांगेल तिथेच काय ते पाय मोकळे करायचे.

लॉज मसाई मारा या अभयारण्याच्या एका गेटच्या बाहेर, दहा मिनिटांवर. नाव लिहीत नाही, कारण डब्यावरून मी जे बोलणार आहे ते जरा कडक आहे आणि तिथल्या मॅनेजर बाईने स्वतः येऊन माफी मागितली होती, उगाच तिच्या पोटावर पाय नको. आणि खरं सांगायचं तर त्या पट्ट्यातले सगळे लॉज साधारण एकाच पठडीतले आहेत. सिमेंटचा ओटा, त्यावर कॅनव्हासचा तंबू, आत पलंग, मागे पक्कं बाथरूम, दाराला कडीच्या जागी चेन. वीज जनरेटरची, ठराविक वेळ. मोबाईल चार्ज करायचा तर डायनिंग हॉलमध्ये रांग, आणि पिना आपल्या नाहीत, इंग्लंडसारख्या चौकोनी तीन, अडाप्टर नेला नाही तर बसा बोंबलत. वायफायसुद्धा फक्त डायनिंग हॉलमध्येच, तेही मनात येईल तेव्हा.

थंडी! ही गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. आफ्रिका म्हणजे ऊन असं डोक्यात पक्कं, आणि बॅगेत सगळे कॉटनचे कपडे. मारा समुद्रसपाटीपासून 1,500 मीटरच्या वर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच, पहाटे अक्षरशः दात वाजतात. पहिल्या रात्री सासूबाई पांघरुणात शिरल्या आणि जी किंकाळी फोडली की बाहेरचा मसाई जमातीचा राखणदार भाला घेऊन धावत आला. पायाशी काहीतरी गरम आणि मऊ हललं म्हणे. निघाली गरम पाण्याची रबरी पिशवी, लोकरीच्या खोळीत घातलेली. जेवायला गेलो तेव्हा लॉजवाले प्रत्येक पलंगात एकेक सरकवून गेले होते. दुसऱ्या रात्रीपासून बाई स्वतःहून दोन मागायला लागल्या. लॉजला या एका गोष्टीचे पूर्ण मार्क.

आता मुख्य म्हणजे दिवस. आम्ही सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असा पूर्ण दिवस घेतला होता, डबा बरोबर. लॉज रिझर्व्हच्या बाहेर असेल तर हाच हिशोब परवडतो, कारण गेटचं तिकीट परदेशी मोठ्या माणसाला दिवसाला 200 डॉलर आहे, जुलै ते डिसेंबर. जानेवारी ते जून 100. आणि त्या तिकिटाचा दिवस सहा ते सहा. एवढे पैसे भरून दुपारी बफे जेवायला परत यायचं आणि तंबूत घोरत पडायचं, हे माझ्या डिचोलीच्या मनाला पटेना. नवऱ्याचं मत वेगळं होतं, त्याला बफे हवा होता, पण घरात तिकिटं मी काढते.

ड्रायव्हर-गाईड मसाई, तिशीतला, अंगावर लाल चौकड्यांची शाल, खाली मात्र जीन्स आणि बूट. आल्या आल्या सासूबाईंना वाकून म्हणाला, "जांबो, मामा." मुलगा खो खो हसायला लागला. मग कळलं की तिथल्या स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई. आणि पुढे तर कहरच, काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. बाबा तेवढा बाबाच. दिवसभर आमच्या गाडीत नात्यांचा जो काही गोंधळ चालला होता! सासूबाईंनी त्याला पहिल्या पाच मिनिटांत "पुता" करून टाकलं आणि शेवटपर्यंत तेच. आपले आणखी शब्द आहेत तिथे. दुकानाला दुका, गाडीला गारी, चपातीला चपाती, लाखाला लाकी, आणि जेवणात कांदा-टोमॅटोची कोशिंबीर आली तिचं नाव कचुंबारी. समुद्रावरून शेकडो वर्षं व्यापार चालला त्याची ही शिल्लक. सावकाशला पोले पोले म्हणतात हे ऐकून नवरा म्हणाला, पोळें म्हणजे काणकोणची बॉर्डर की घावनासारखा नाश्ता, ते आधी ठरवा.

तुम्ही कुठले, त्याने विचारलं. इंडिया. इंडियात कुठे? गोवा म्हटल्यावर तो वळून बघायला लागला आणि म्हणाला, "मुरुंबी!" मला वाटलं काही प्राण्याचं नाव असेल, दुर्बीण उचलली. मग त्याने सांगितलं. जोसेफ मुरुंबी, 1966 साली केनियाचे उपराष्ट्रपती झाले होते, वडील गोंयकार व्यापारी आणि आई मसाई. म्हणजे आपण पाहुणे नाही, सोयरेच निघालो. आफ्रिकेला गेलेल्या गोंयकारांच्या गोष्टी आपण बऱ्याच ऐकतो, रेल्वेत कारकून, ऑफिसात हिशोबनीस, क्लबात आचारी. पण हे नाव मी शाळेत कधीच ऐकलं नव्हतं, तिथे गाडीत बसून एका मसाई पोराकडून ऐकलं.

गेटमधून आत गेलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. मसाई मारा 1,510 चौरस किलोमीटर आहे, आपल्या गोव्याच्या निम्म्याला थोडं कमी. खाली टांझानियाचं सेरेंगेटी त्याला लागूनच, ते मात्र चार गोवे मावतील एवढं. मध्ये कुंपण नाही. जनावरांना पासपोर्ट लागत नाही हे नवऱ्याचं वाक्य, त्याने चार वेळा म्हटलं.

मोलेच्या जंगलात फिरलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो मोकळेपणाचा. आपल्याकडे झाडी एवढी दाट की दहा हातांवर गवा उभा असला तरी फक्त फांदी मोडल्याचा आवाज येणार. इथे नुसतं गवत, क्षितिजापर्यंत, मध्ये एखादं छत्रीसारखं बाभळीच्या जातीचं झाड, आणि त्या गवतावर जनावरं अशी पसरलेली की जणू कोणीतरी सकाळी गोठा सोडला आहे. झेब्रे, हरणं, जिराफ, सगळे एकाच नजरेत. पहिला अर्धा तास आम्ही प्रत्येक झेब्र्याला थांब थांब ओरडत होतो. तो निमूटपणे थांबत होता. नंतर झेब्र्यांकडे आम्हीच बघेनासे झालो, माणूस किती पटकन माजतो बघा.

मुलाकडे यादी होती. बिग फाईव्ह. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा. ही पाच नावं का, तर पायी शिकार करायला ही पाच जनावरं सगळ्यात अवघड आणि धोक्याची, म्हणून जुन्या गोऱ्या शिकाऱ्यांनी पाडलेलं नाव. आता तेच सगळ्या पर्यटकांच्या डोक्यात बसलं आहे. सकाळी साडेसातला रानरेड्यांचा कळप दिसला, शिंगं मधोमध भांग पाडल्यासारखी. मुलाने बरोबरची खूण केली. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, आमचा गवा याच्यापेक्षा मोठा. ड्रायव्हरला मी ते इंग्रजीत सांगितलं, त्याला आधी पटेना, मग मोबाईलवर गव्याचा फोटो दाखवला, आपल्या राज्याचा प्राणी, चांगला वाढलेला नर हजार किलोच्या आसपास जातो. त्याने शिट्टी वाजवली. मग त्याने विचारलं, मामाकडे गायी किती? सासूबाई म्हणाल्या आता दोन, पूर्वी माहेरी चौदा. झालं, तिथून पुढे हे दोघं जे सुरू झाले, मी मध्ये दुभाषी. मसाई माणसाला गायीवर बोलायला मिळालं की सिंहसुद्धा बाजूला राहतो. तुमच्याकडे सिंह गाय मारतो तेव्हा काय करता, बाईंनी विचारलं. तो म्हणाला, रात्री काटेरी कुंपणात कोंडतो, पूर्वी लोक भाले घेऊन मागे जायचे, विषही घालायचे. आता रिझर्व्हच्या बाजूच्या जमिनी लोकांनी एकत्र करून सफारी कंपन्यांना भाड्याने दिल्यात, दर महिन्याला भाडं येतं, त्यामुळे सिंह जिवंत असलेलाच परवडतो. त्याच्या वडिलांचीही जमीन त्यात आहे. सासूबाई बराच वेळ गप्प. 2020 च्या जानेवारीत सत्तरीत वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेलेले मिळाले होते ना, ते त्यांच्या माहेरच्या बाजूलाच. त्याबद्दल त्या घरी फारसं बोलत नाहीत. इथे मात्र एवढंच म्हणाल्या, आमच्याकडे दर महिन्याला कोण देतो रे पुता.

साडेनऊच्या सुमारास रेडिओ खरखरला. चुई, म्हणजे बिबट्या. आणि आमची गाडीही वळली. पोचलो तर ओढ्याच्या काठी एक झाड आणि त्याच्या भोवती गाड्या, मी मोजल्या, तेवीस. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार परवडला. नियम असा आहे की एका जनावराभोवती एका वेळी पाचच गाड्या, बाकीच्यांनी लांब थांबून नंबर लावायचा. तो नियम पाळत होता फक्त आमचा ड्रायव्हर आणि अजून एक म्हातारा. बाकी सगळे एकमेकांना हॉर्न सोडून सगळं करत होते. मागच्या बाजूने एक व्हॅन थेट झाडाच्या बुंध्यापर्यंत गेली. बिबट्या उठला, आम्हाला शेपूट दिसलं, झुडपात उतरला, संपलं. मुलगा रडायच्या बेतात. नवरा चिडला, आपण एवढे पैसे भरले, तू पुढे का नाही घेतलीस? मीसुद्धा मनातून चिडले होते, खोटं कशाला बोलू. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, आपण पुढे गेलो असतो तर तो अजून लवकर उठला असता. आणि गाडी काढली, त्या सगळ्या गर्दीच्या उलट दिशेला.

इथून पुढे दिवस बदलला. त्याने रेडिओचा आवाज कमी केला आणि एका उघड्या माळावर गाडी लावून इंजिन बंद केलं. आम्हाला काही दिसेना. पाच मिनिटांनी त्याने बोट दाखवलं, गवतात एक कान. मग दुसरा कान. सिंहिणी, चार, आमच्यापासून शंभर पावलांवर, आणि आम्ही त्यांच्या बाजूने गाडी आणताना एकालाही दिसल्या नव्हत्या. ऊन चढायला लागलं तशी त्यांतली एक उठली, आळोखेपिळोखे दिले, आणि चालत चालत थेट आमच्याकडे. गाडीची सावली पडली होती ना, त्या सावलीत येऊन धप्पकन पडली. माझ्या दाराच्या खाली. मी काचेतून सरळ खाली बघत होते. पोट टम्म फुगलेलं, रात्रीचं जेवण झालेलं, नाकावर जुन्या मारामारीचे ओरखडे, डोळ्याच्या कोपऱ्यात माशा, आणि पंजाची गादी काळी, भेगाळलेली, आपल्या बायकांच्या टाचांना भेगा पडतात तशी. श्वास घेताना सगळी बरगडी वर खाली. वाससुद्धा येत होता, ओल्या कुत्र्याचा आणि जरा नासलेल्या मटणाचा. मुलाने पंधरा मिनिटं एक शब्द काढला नाही, हे आमच्या घरात जन्मापासून पहिल्यांदा. यादीवर खूण करायचीही विसरला.

आम्ही तिथे सव्वा तास थांबलो. दुसरी एकही गाडी आली नाही, कारण याने रेडिओवर कळवलंच नाही. हे नियमात बसतं की नाही देव जाणे, पण मी तक्रार करणार नाही.

आता डबा. दुपारी एक वाजता नदीजवळ एका झाडाखाली, जिथे उतरायला परवानगी आहे तिथे, चादर टाकून बसलो. सोमवार होता. सासूबाई सोमवारी शाकाहारी, आणि हे आम्ही बुकिंगच्या वेळी लिहून, आदल्या रात्री सांगून, आणि सकाळी पुन्हा सांगून झालं होतं. डबा उघडला तर चारही खोक्यांत कोंबडीची तंगडी. थंडगार. जोडीला पुठ्ठ्यासारखा ब्रेड, एक उकडलेलं अंडं, केळं आणि ज्यूसचं खोकं. चार जणांत एका माणसाचं पथ्य सांभाळता येत नाही? रात्रीच्या बफेत डाळ असते, चपाती असते, सुकुमा विकी म्हणून हिरव्या पाल्याची झकास भाजी असते, त्यातलं थोडं डब्यात भरायला काय झालं होतं? बाईंनी केळं खाल्लं आणि पिशवीतून दिवाळीच्या फोवांचा चिवडा आणि नेवऱ्या, म्हणजे करंज्या, काढल्या. दोन नेवऱ्या ड्रायव्हरला. त्याने कोंबडी बाजूला ठेवून आधी नेवरी संपवली. म्हणजे आमचा डबा घरूनच आला म्हणायचा, लॉजला यात शून्य. आणि हो, आम्हा गोंयकारांची एक वेगळी तक्रार, पाच दिवस नुस्त्याचा, म्हणजे माशाचा, तुकडा नाही. पण समुद्र पाचशे किलोमीटरच्याही पलीकडे आहे, ती तक्रार मीच मागे घेते.

जेवणानंतर मारा नदी. जुलै ते ऑक्टोबर इथे ते टीव्हीवर दाखवतात ते स्थलांतर असतं, सेरेंगेटीकडून तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट, म्हणजे मोठ्या रानहरणांची एक जात, आणि त्यांच्याबरोबर लाखो झेब्रे गवताच्या मागे फिरतात. आम्ही गेलो तेव्हा त्याचं शेपूटच उरलं होतं, बरेच कळप दक्षिणेला निघालेले. तरी काठावर पाचसहाशे जमा झाले. पाण्यात पाणघोडे, वाळूवर दोन मगरी, एकदम लाकडाच्या ओंडक्यासारख्या. आता उतरतील, मग उतरतील. पुढचा एक काठापर्यंत येतो, वाकून पाणी बघतो, मागचे ढकलतात, तो बिचकतो, वळतो, की सगळा कळप धूळ उडवत मागे. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, ही तर रायबंदरची फेरीबोट, पहिला कोण चढतो तेवढंच बघत असतात सगळे. दीड तास बसलो. उतरले नाहीत. ज्यांना नदी ओलांडतानाचाच व्हिडिओ हवा आहे त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबर बघा, तरीही नशिबाचाच भाग, कोणी गॅरंटी देत असेल तर तो थापा मारतो. मला मात्र ते न उतरणंच जास्त लक्षात राहिलं.

परतताना पाऊस. अर्धा तासच, पण तिथली माती काळी, चिकट, आपल्या खाण रस्त्यावरच्या तांबड्या चिखलाला लाजवेल अशी. आमच्यासमोर एक साधी व्हॅन चाकांपर्यंत रुतली. आमच्या लँड क्रूझरने दोर लावून ओढली, त्यात वीस मिनिटं. म्हणून सांगते, एजंट स्वस्तात व्हॅन देत असेल तर चार जणांनी थोडे जास्त घालून फोर बाय फोरच घ्या. आमच्या इथल्या एजंटानेही आधी व्हॅनच गळ्यात मारली होती, "तीच सगळे घेतात" म्हणून. मी भांडून बदलून घेतली.

त्या चिखलातून निघता निघता हत्ती भेटले, अकरा, त्यात दोन पिल्लं. पुढे म्हातारी हत्तीण, कळप तिचाच असतो. आफ्रिकेत मादीलाही सुळे असतात, आपल्याकडे सहसा नाही. ती रस्त्याच्या मधोमध थांबली, आमच्याकडे बघत कान पसरले, आणि मागची सगळी रांग ओलांडून जाईपर्यंत हललीच नाही. पावणेसहा वाजलेले, गेट सहाला बंद, ड्रायव्हर घड्याळ बघत होता पण गाडीला हात लावला नाही. सासूबाईंनी नमस्कार केला. शेवटचं पिल्लू गेल्यावर ती वळली, आणि मग आम्ही जे सुसाट सुटलो ते सहाला तीन मिनिटं कमी असताना गेटवर.

गेंडा दिसला नाही. मुलाची यादी पाचातली तीनवरच थांबली, शेपटाचा अर्धा मार्क तो मागत होता, बाबांनी दिला.

तर, लॉजला किती? तंबू, अंथरूण, गरम पाणी, रात्री तंबूपर्यंत सोडायला येणारा राखणदार, हे चांगलं. माकडं टेबलावरून साखरेच्या पुड्या पळवतात, त्याला लॉज काय करणार, आमच्या कुळागरात नारळ पळवतात. डबा आणि चार्जिंग वाईट. पण मी पाचात चार देते आणि ते चारही त्या पोराचे. बुकिंग करताना खोलीचे फोटो कमी बघा, गाईड कोण आणि गाडी कुठली हे दहा वेळा विचारा. टिप वेगळी द्यावी लागते, आधीच बाजूला काढून ठेवा.

जाणाऱ्यांसाठी दोनचार कामाच्या गोष्टी. पिवळ्या तापाची लस घ्यावीच लागते, परत येताना आपल्याच विमानतळावर कार्ड मागतात. गोव्यात ती वास्कोला, मुरगावच्या पोर्ट हेल्थमध्ये मिळते, आधी फोन करून वार विचारा, आणि प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी टोचून घ्या, त्याआधी ते कार्ड चालत नाही. साठीच्या वरच्यांनी आधी आपल्या डॉक्टरला विचारायचं, सासूबाईंचं सगळं तपासून मगच दिली. गोव्याच्या मोपा विमानतळावरून थेट विमान नाही, मुंबईहून नैरोबी सहा तास. प्लास्टिकच्या पिशव्यांना तिथे 2017 पासून बंदी आहे, बाजारातल्या पिशवीत चकल्या भरून नेऊ नका, आम्ही नेवऱ्या स्टीलच्या डब्यात नेल्या होत्या. तो डबा तिथेच राहिला. सासूबाईंनी ड्रायव्हरच्या आईसाठी दिला, उरलेल्या सहा नेवऱ्यांसकट.